काकांचा गुडघा आणि तलवारीचं टोक



गेल्या महिन्यात इंदूरच्या एका ताईंनी ग्रुपवर प्रश्न टाकला होता, सगळ्यांना आठवत असेल. गुरूंनी जसं शिकवलं तसंच्या तसं करत राहणं म्हणजे निष्ठा, की ज्यासाठी शिकवलं ते सांभाळणं म्हणजे निष्ठा? दोन दिवस फोन थांबला नाही. बेळगावचे एक दादा म्हणाले, "एक अक्षर बदललं की मग थांबायचं कुठं?" ग्वाल्हेरहून उत्तर आलं, "अक्षर धरून बसलो आणि अर्थ निसटला तर काय उपयोग?" दोन्ही बाजूंना हात जोडलेले इमोजी आले, आणि मग नेहमीप्रमाणे विषय एकादशीच्या फराळाकडे वळला.

आम्ही बडोदेकर त्या दोन दिवसांत गप्प होतो. कारण असं की, नेमक्या याच प्रश्नावरून आमच्यात वर्षभर धुसफूस चालली होती. तीही उपासनेवरून नाही, तलवारीवरून. तीही चिनी तलवारीवरून, आणि लाकडाच्या! हसू नका. त्या लाकडी तलवारीने आमचे बरेच अहंकार उघडे पाडले. म्हणून या वेळच्या पत्रात ती हकीकत लिहितो. तिच्यात आमच्या चुका आहेत, त्या झाकलेल्या नाहीत.

आमच्या सत्संगात एक काका होते. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. एका कंपनीच्या कामासाठी ते चार वर्षं शांघायला राहिले. तिथे सकाळी फिरायला फूशिंग पार्कमध्ये जायचे. तिथली सकाळ म्हणजे एक जत्राच, असं ते सांगायचे. एकीकडे नाच, एकीकडे पत्ते, एकीकडे पिंजऱ्यातले पक्षी घेऊन आलेले आजोबा, आणि झाडांखाली रांगा करून थायची करणारी मंडळी. त्यातल्या एका गटाच्या हातात तलवारी होत्या. एक निवृत्त बाई शिकवायच्या. सगळे त्यांना 'लाओशी' म्हणत, म्हणजे बाई, शिक्षिका. काकांना चिनी येत नव्हतं आणि बाईंना इंग्रजी येत नव्हतं. पहिले पंधरा दिवस काका नुसते झाडाशी उभे राहून बघत राहिले. सोळाव्या दिवशी बाईंनी आपल्याजवळची जादा लाकडी तलवार त्यांच्या हातात दिली आणि बोटाने जागा दाखवली, रांगांच्या मधोमध.

नवशिक्याला मध्ये का उभं करतात, हे काकांना दुसऱ्या दिवशी कळलं. तलवारीच्या या क्रमात दिशा सारखी बदलते. मागे उभं राहिलं तर वळल्याबरोबर आपण सगळ्यांच्या पुढे येतो, आणि समोर बघायला कोणी उरत नाही. मध्ये असलं की कुठेही तोंड केलं तरी पुढे एक जाणता असतोच. काका हे सांगताना नेहमी थांबायचे आणि म्हणायचे, "आपला सत्संग तरी दुसरं काय आहे?"

बडोद्याला शस्त्रांची कसरत काही नवी नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिराचं नाव इथे कोणाला सांगावं लागत नाही. आमच्यातल्या दोघांच्या आजोबांनी प्रोफेसर माणिकरावांच्या हाताखाली लाठी फिरवलेली. त्यामुळे काका परत आल्यावर "आम्हालाही शिकवा" म्हणायला आम्ही सहा जण लगेच तयार झालो. सुताराकडून तलवारी करून घेतल्या. मापही काकांनीच सांगितलं. सरळ उभं राहून डाव्या हातात तलवार उलटी धरायची, पातं दंडाला टेकवून वर. टोक निदान कानाच्या वरच्या कडेपर्यंत यायला हवं. प्रत्येकाच्या उंचीची वेगळी. सुतार म्हणाला, "साहेब, नाटक बसवताय का?"

आता थोडं त्या तलवारीविषयी, म्हणजे पुढचं समजेल. चिनी लोकांत तलवारी मुख्यतः दोन. एक 'दाओ', एका बाजूने धार असलेली, रुंद, जोरात तोडणारी. दुसरी 'जिएन', सरळ, अरुंद, दोन्ही बाजूंनी धार. आम्ही शिकलो ती जिएन. तिला शस्त्रांमधला सज्जन म्हणतात. त्यांच्याकडे एक जुनी म्हण आहे. दाओला शंभर दिवस, भाल्याला हजार दिवस आणि जिएनला दहा हजार दिवस लागतात, अशा अर्थाची. दहा हजार दिवस म्हणजे सत्तावीस वर्षांच्या वर! काकांनी चोपन्नाव्या वर्षी सुरुवात केली होती. ते हसून म्हणायचे, "एक्याऐंशीला येईल. घाई काय आहे?"

इतके दिवस का लागतात? जिएनमध्ये जोर चालत नाही म्हणून. पातं पातळ, टोकाकडे आणखी पातळ. दुसऱ्याच्या जड शस्त्राला ती आडवी घातली तर ती बिघडणार. म्हणून तिने अडवायचं नसतं, वाट द्यायची, बाजूला सरायचं आणि नेमक्या जागी टोक पोचवायचं. शिवाय दोन्हीकडे धार. आपल्याकडे वळलेली बाजूही कापतेच, म्हणून निष्काळजीपणा चालत नाही. डावा हात रिकामा असतो, पण मोकळा नसतो. पहिलं आणि मधलं बोट सरळ, अंगठा उरलेल्या दोन बोटांवर. हे दोन बोटांचं चिन्ह तलवारीचा तोल सांभाळत सतत फिरत राहतं.

आम्ही शिकलो तो क्रम बत्तीस हालचालींचा. आठ-आठचे चार भाग. यांग घराण्याच्या जुन्या तलवारक्रमातून निवड करून चीनमध्ये १९५७ साली तो बसवला गेला, सामान्य माणसाला शिकता यावा म्हणून. त्याच्या आदल्या वर्षी हातांच्या थायचीचा चोवीस हालचालींचा क्रम तसाच बसवला होता. म्हणजे ज्याला आम्ही 'मूळ' म्हणून कवटाळत होतो, ते स्वतःच एक संक्षिप्त रूप. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

यांग घराण्याच्या तलवारीतली नावं मात्र ऐकण्यासारखी. तीन कड्यांनी चंद्र वेढणे. गांधीलमाशी बिळात शिरते. वाऱ्याने कमळाचं पान गुंडाळतं. समुद्राच्या तळातून चंद्र काढणे. आणि आमच्या भांडणाचं मूळ झालेलं, पाकोळी पाण्याला शिवून जाते.

ही पाकोळीची हालचाल क्रमात तिसरीच येते. दुसऱ्या हालचालीत एका पायावर ताठ उभं राहायचं असतं, तलवार डोक्यावरून पुढे रोखलेली. तिथून एकदम खाली यायचं. उजवा गुडघा पूर्ण वाकवून बैठक, डावा पाय जमिनीलगत लांब, आणि तलवार खालून आडवी झाडत नेत पुन्हा वर उठायचं. पाकोळी पाण्यापर्यंत येऊन परत वर जाते तसं.

काका ते असं करत नसत. ते खाली बसतच नसत. उभ्यानेच डावा पाय जमिनीवरून अर्धगोल ओढत आणायचे, मध्ये क्षणभर थांबायचे, आणि मग तलवार कमरेच्या उंचीवरून फिरवायचे. आम्ही सात वर्षं अगदी तसंच केलं. पायाचा तो अर्धगोल, तो क्षणभराचा थांबा, सगळं. त्या थांब्याला आम्ही नावही दिलं होतं, 'काकांचा विराम'. आमच्यातल्या एकांनी तर गुरुपौर्णिमेला त्यावर दहा मिनिटं बोलून घेतलं. कृती आणि कृती यांच्यामधली शांतता, साक्षीभाव वगैरे. काका पहिल्या रांगेत बसले होते. ते नुसते हसले. त्या हसण्याचा अर्थही आम्ही आमच्या सोयीने लावला.

दीड वर्षापूर्वी, माघात, काका गेले. बहात्तरावं चालू होतं. दहा हजार दिवस काही पुरे झाले नाहीत.

त्यानंतर आम्ही सहा जण रोज सकाळी कमाटीबागेत क्रम करत राहिलो. आपोआपच त्याला पूजेचं रूप आलं. कोणी काही वेगळं केलं की बाकीचे तोंड वाकडं करायचे. अशात आमच्यातल्याच एका ताईंची मुलगी यायला लागली. कॉलेजात शिकते, हुशार. महिनाभराने ती फोन घेऊन आली. चीनमधल्या एका शिक्षिकेचा व्हिडिओ होता, तोच बत्तीसचा क्रम. ती म्हणाली, "हे बघा, तिसऱ्यात त्या पूर्ण खाली बसतात. आपण चुकीचं करतो." आणि मग पोरीने यादीच काढली. इथे पाय चुकतो, तिथे कोन चुकतो, इथे मूठ.

आम्ही काय केलं? व्हिडिओ पाहिलाच नाही. एक जण म्हणाले, "तू काकांपेक्षा शहाणी का?" दुसऱ्या ताई म्हणाल्या, "ज्यांचे पाय धरायचे त्यांच्या चुका नसतात काढायच्या." तिचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवसापासून ती यायची बंद झाली. तिच्या आईने तोंड उघडलं नाही, पण क्रम करताना त्यांचं लक्ष नव्हतं हे सगळ्यांना दिसत होतं. आम्हाला वाटलं, आपण गुरूचा मान राखला.

पुढे तीन महिने असेच गेले. पण एकदा प्रश्न कानात पडला की तो जात नाही. आमच्यात दोन तट पडले. तिघे म्हणायचे, काकांनी शिकवलं तेच. दोघे म्हणायचे, व्हिडिओ पाहायला काय हरकत आहे? आणि मुलीची आई कुठल्याच बाजूला नव्हती. वाद करताना आम्ही दोघांनी दोन चिनी गोष्टी आणल्या. दोन्ही तलवारीच्या आहेत, आणि दोन्ही काकांनीच आम्हाला सांगितलेल्या. त्या इथे सांगितल्याच पाहिजेत.

पहिली गोष्ट ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात ल्यू बूवेईच्या आश्रयाखाली तयार झालेल्या एका मोठ्या संग्रहातली. छू देशाचा एक माणूस नावेतून नदी ओलांडत होता. त्याची तलवार पाण्यात पडली. त्याने घाईघाईने नावेच्या कडेवर खूण कोरली, "इथून पडली" म्हणून. नाव काठाला लागल्यावर त्याने त्या खुणेखाली पाण्यात उडी मारली आणि तलवार शोधायला लागला. नाव पुढे आली होती, तलवार होती तिथेच राहिली होती. बदलाच्या बाजूचे म्हणायचे, "आपण तेच करतोय. काका गेले, आणि आपण नावेवरची खूण चाटत बसलोय."

दुसरी गोष्ट इतिहासकार सिमा छिएन यांनी नोंदवलेली. ख्रिस्तपूर्व ५४४ च्या सुमाराची. वू देशाचा राजपुत्र जीझा दूत म्हणून उत्तरेकडे निघाला होता. वाटेत शू नावाच्या छोट्या राज्यात तो थांबला. तिथल्या राजाला त्याची तलवार फार आवडली, पण तोंडाने मागणं बरं दिसेना. जीझाने ते ओळखलं. पण दूत म्हणून पुढच्या दरबारांत जायचं तर कमरेला तलवार हवी, म्हणून त्याने मनात ठरवलं, परतताना देईन. परत आला तेव्हा शूचा राजा वारला होता. जीझाने तलवार सोडली आणि राजाच्या समाधीजवळच्या झाडाला टांगली. बरोबरचे म्हणाले, अहो, राजा तर गेला, आता कोणाला देता? त्याचं म्हणणं असं की, मी मनात दिली होती. तो मेला म्हणून मी मनाशी खोटं कसं वागू? 'तसंच'च्या बाजूचे म्हणायचे, "ही निष्ठा. माणूस गेला म्हणून वचन जात नाही."

दोन्ही गोष्टी खऱ्या वाटायच्या. वाद तिथेच अडायचा.

हे सगळं अडलेलं असताना आम्ही वर्षश्राद्धाला काकूंकडे गेलो. जेवणं झाल्यावर विषय निघाला. आम्ही मोठ्या आदराने 'काकांच्या विरामा'विषयी बोललो. काकू पान लावता लावता थांबल्या. म्हणाल्या, "कसला विराम? अहो, त्यांचा उजवा गुडघा गेला होता. शांघायला असतानाच. आपल्या जिन्यावरसुद्धा ते तसेच मध्येच थांबायचे, मी मागून ओरडायची. खाली बसणं डॉक्टरांनी बंदच केलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही का त्यांनी?"

सांगितलं होतं. आता आठवलं. अगदी पहिल्या महिन्यात त्यांनी म्हटलं होतं, "मी करतो तसं इथे करू नका, माझा गुडघा अडतो, तुम्ही खाली जा." आम्ही ते त्यांचा विनय समजलो. दोन-चारदा त्यांनी खुणावलंही असेल. पण आम्ही ऐकत नव्हतो, बघत होतो. आणि जे बघितलं त्यावर प्रवचन केलं. गुरूचं दुखणं आम्ही त्यांची शिकवण म्हणून उचललं, आणि त्यांची शिकवण सोडून दिली.

परत येताना गाडीत कोणी बोललं नाही. बेळगावच्या दादांना कदाचित इथे वाटेल, म्हणजे बदलाची बाजू जिंकली. थांबा, अजून अर्धी गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. सहाही जण. माफी मागितली. ती अवघडली, पण आली. आता आम्ही उत्साहात सगळंच व्हिडिओप्रमाणे करायला निघालो. पहिल्याच हालचालीपासून. त्या पहिल्या हालचालीला 'टोक टेकवणं' म्हणता येईल, चिनीत 'दिएन'. दोन्ही पाय जुळवून उभं राहायचं आणि तलवारीच्या टोकाने समोरच्याच्या मनगटावर चोच मारल्यासारखं टोचायचं. काका हे करताना मूठ इतकी सैल धरायचे की तलवार पडेल असं वाटायचं. आमचं सगळ्यांचं मत झालेलं, की वय झालं, हाताची पकड गेली. म्हणून आम्ही मात्र घट्ट धरायचो. व्हिडिओतली मूठ मुलीलाही घट्टच वाटली होती.

मग आमच्यातल्या एकांनी, ज्यांचे आजोबा लाठीवाले, एक साधी गोष्ट सुचवली. ते म्हणाले, "हे सगळे वार आहेत ना? मग समोर कोणी तरी उभं राहू द्या." आम्ही बांबूच्या दोन काठ्या घेतल्या, टोकांना कापड गुंडाळलं. इतक्या वर्षांत हे कधी केलंच नव्हतं.

एकाने बांबू छातीच्या उंचीवरून सावकाश आडवा फिरवला, दुसऱ्याने पाकोळी केली. 'काकांच्या विरामा'त उभं राहिलेल्याला बांबू सरळ दंडावर बसला. खाली बसलेल्याच्या डोक्यावरून तो निघून गेला आणि त्याचं पातं समोरच्याच्या पायांपाशी पोचलं. झालं. ना प्रवचन, ना व्हिडिओ. पाकोळी खाली का जाते, ते बांबूने सांगितलं.

मग पहिली हालचाल. घट्ट मुठीने टोचायला गेलं तर अख्खी तलवार कुऱ्हाडीसारखी खाली यायची, सावकाश, आणि समोरचा सहज हात काढून घ्यायचा. काकांसारखी सैल मूठ धरून मनगट किंचित वर उचललं, तर टोक एकदम खाली पडायचं. जोर टोकात. समोरच्याला कळायच्या आत मनगटावर टक्. आम्ही पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मुलीने व्हिडिओ परत थांबवून थांबवून बघितला आणि म्हणाली, "अगं आई, त्यांचीही सैलच आहे. मी नीट पाहिलं नव्हतं."

म्हणजे जो अशक्तपणा समजून आम्ही टाकून दिला, ती शिकवण होती. आणि जी शिकवण समजून आम्ही जपली, तो अशक्तपणा होता. सात वर्षं आम्ही नेमकं उलटं केलं! आणि हे गुरूच्या नुसत्या जवळ राहून कळलं नाही, नुसतं व्हिडिओ बघूनही कळलं नाही.

व्हिडिओविषयीही एक सांगायला हवं. त्यातल्या शिक्षिका तरुण, अंग लवचीक. त्यांचा पाय एका जागी कमरेच्या वर जातो. मुलगीही तसाच नेऊ लागली आणि आठवडाभर तिची कंबर धरली. त्याही शरीराच्या आपल्या सवयी आहेत. काकांचा गुडघा नक्कल करणं आणि त्या बाईंची कंबर नक्कल करणं, यात फरक तो काय? दोन्ही ठिकाणी आपण एका शरीराची नक्कल करतो आणि त्याला मूळ म्हणतो.

चिनी लोकांनाही हा प्रश्न सुटलेला नाही, हे पुढे वाचनात आलं. यांग घराण्याचे प्रसिद्ध गुरू यांग चंगफू, १८८३ ते १९३६. त्यांचे आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवले तर त्याच हालचालीत फरक दिसतो. पुढे शरीर भारी झालं, चाल संथ आणि विशाल झाली. त्यांच्याकडे जे ज्या काळात शिकले त्यांच्या पद्धतींत फरक आहेत, आणि प्रत्येक शाखा प्रामाणिकपणे म्हणते की आम्हाला गुरूंनी असंच शिकवलं. कोणीच खोटं बोलत नाही. प्रत्येकाने वेगळ्या वयाचे गुरू पाहिले, इतकंच.

मग इंदूरच्या ताईंच्या प्रश्नाचं काय?

आम्हाला वाटतं, प्रश्नात 'तसंच' आणि 'हेतू' असे दोनच रस्ते धरले, तिथे आपण फसतो. 'तसंच' म्हणणारा गुरूच्या गुडघ्याला गुरू समजू शकतो. 'हेतू' म्हणणारा तर जास्तच धोक्यात, कारण हेतू ठरवणार कोण? आपणच. 'काकांच्या विरामा'ला साक्षीभाव हा हेतू आम्हीच चिकटवला होता, आणि सैल मुठीत काही हेतू नाही हेही आम्हीच ठरवलं. हेतूच्या नावाखाली माणूस स्वतःच्या सोयीचं काढतो आणि न समजलेलं फेकतो. बेळगावच्या दादांची भीती त्या अर्थाने खरी आहे.

तलवारीचा क्रम म्हणजे अर्धा संवाद आहे. फक्त उत्तरं उरली आहेत, प्रश्न विचारणारा समोर नाही. प्रत्येक हालचाल कुठल्या तरी वाराचं उत्तर असते. तो वार पुन्हा समोर उभा केला की उत्तर खरं की खोटं ते दिसतं. काकांचं शरीर प्रमाण नाही, व्हिडिओही प्रमाण नाही, आणि आपल्याला काय वाटतं ते तर नाहीच नाही. काकांनी ज्याच्यासाठी ते शिकवलं, त्या प्रसंगात ते टिकतं का, हे बघायचं.

आणि त्याआधी, शिकताना, तसंच्या तसं करायचं. हे आम्ही जोर देऊन सांगतो. सात वर्षं आम्ही काकांची हुबेहूब नक्कल केली नसती तर सैल मूठ कशी असते ते आम्हाला आठवलंच नसतं. आपल्याला पटलं तेवढंच उचललं असतं तर ती कधीच गळून गेली असती. न समजलेलंही जपून ठेवावं, कारण ते कदाचित उद्या समजेल. पण जपणं वेगळं आणि तपासायला नकार देणं वेगळं. आम्ही जपलं, ते बरोबर केलं. मुलीला गप्प केलं, ते पाप केलं.

कोणी म्हणेल, तलवारीला बांबूची परीक्षा आहे, उपासनेला कुठली? रास्त प्रश्न आहे. तिथे बांबू लागत नाही, पण वार रोज होतातच. घरात सून उलट बोलली, भावाने वाटणीत फसवलं, तपासणीचा रिपोर्ट वाईट आला. त्या क्षणी आपली साधना डोक्यावरून वार जाऊ देते, की दंडावर बसतो? ही परीक्षा सावकाश होते, वर्षानुवर्षांत. म्हणून तिथे बदल करायलाही तितकाच वेळ घ्यावा. जिथे परीक्षा लवकर होते तिथे लवकर सुधारावं, जिथे उशिरा होते तिथे हात राखून ठेवावा. आम्हाला एवढंच कळलं.

आणि जीझाची गोष्ट? तीवर आम्ही पुष्कळ बोललो. ती 'तसंच'च्या बाजूची आहे असं आम्ही समजत होतो. पण नीट पाहिलं तर जीझाने काय जपलं? तलवार त्याने झाडावर सोडून दिली. ती कमरेला बांधून मिरवत बसला नाही. त्याने मनात दिलेला शब्द जपला. आम्ही काकांना मनात काय शब्द दिला होता? त्यांचा थांबा जपू, असा नव्हता. त्यांनी आणलेली ही विद्या पुढच्याला नीट देऊ, असा होता. तो शब्द पाळायचा तर पुढच्याला गुडघा द्यायचा नाही, मूठ द्यायची.

आता आम्ही काही नियम केले आहेत. नवीन माणसाला शिकवताना सांगायचं, की काका इथे असं करायचे, का करायचे, आणि आपण इथे असं करतो. बदल लपवायचा नाही. लपवून बदललं तर पुढच्याला वाटेल हेच काकांचं, आणि त्याच्या हातात परत नावेवरची खूण येईल. न समजलेल्या जागा वहीत लिहून ठेवल्या आहेत. अकरा आहेत. त्या बदलायच्या नाहीत, काकांसारख्याच करत राहायच्या, कोणी तरी समजावेपर्यंत. आणि आमच्यातल्या ज्या दोघांचे गुडघे खरोखरच गेले आहेत, ते पाकोळी काकांसारखीच उभ्याने करतात. पण त्याला आता कोणी विराम म्हणत नाही. गुडघा म्हणतो.

मुलगी रोज येते. गेल्या आठवड्यात एक गंमत झाली. ती रांगेत सगळ्यांच्या मागे उभी होती. क्रमात वळण आलं, आम्ही सगळे वळलो, आणि ती एकदम सर्वांच्या पुढे आली. समोर बघायला तिच्यापुढे कोणी नव्हतं. क्षणभर गोंधळली. मग मूठ सैल केली, खाली बसली आणि पाकोळी केली. आम्ही तिच्या मागून केली.

चुकलंमाकलं असेल तर सांभाळून घ्या. इंदूरच्या ताईंना विशेष नमस्कार. तुमच्याकडे असा एखादा 'गुडघा' असेल, किंवा टाकून दिलेली एखादी 'मूठ' सापडली असेल, तर ग्रुपवर जरूर लिहा. आमच्या वहीतल्या अकरांपैकी एखादी जागा तुमच्यामुळे सुटेलही.

सर्वांना सप्रेम जय गुरुदेव.

तुमचे,
बडोद्याची सकाळची मंडळी